भोंग्याच्या दोन गळलेल्या ओळी

४ जानेवारी

चिमणे,

आशीर्वाद आधी, तक्रार मागून. तू म्हणशील, काकांनी फोन का नाही केला. फोन पुढच्या खोलीत, खोलीची खिडकी रस्त्यावर, आणि खिडकीसमोर शिंप्याचं दुकान. त्याची मशीन दिवसभर खडखडत असते, पण मी फोन उचलला की नेमकी थांबते. म्हणून पत्र.

कुणीतरी माझ्या गाडीच्या मागे लागलं आहे. गेल्या महिन्यात एका सकाळी स्टार्टर फिरला, पण इंजिन पेटेना. बॉनेट उघडून बघतो तर कॉइलवरून निघणारी मधली जाड वायर सुटलेली. खोचली आणि गेलो. म्हटलं, सैल झाली असेल. पुढच्या आठवड्यात वायरच नाही. नवी आणली. तीही परवा गेली. सैल झालेली वायर खाली पडते, चिमणे, चालत निघून जात नाही.

ही जुनी गाडी तुला माहीतच आहे. हिचं बॉनेट बाहेरूनच उघडतं, फटीत बोट घातलं की झालं. म्हणजे चोराला काच फोडायचेही कष्ट नाहीत.

माझा संशय तिघांवर. एक, कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. वायर विकणारा तोच, तर काढणाराही तोच का नसेल? दोन, शिंपी. गाडी उभी राहिली की त्याच्या दुकानाची पाटी झाकते म्हणून तो कुरकुरतो. तीन, आमच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. तो भेटेल तेव्हा वाकून नमस्कार करतो. कारण नसताना इतका नमस्कार कोण करतं?

डोळ्यांचं विचारलं होतंस. डॉक्टर म्हणतो, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, डावाही धूसर आहे, ऑपरेशन होईपर्यंत गाडी चालवू नका. त्याचा धंदाच ऑपरेशनचा, तो दुसरं काय सांगणार? मी जन्मभर छापखान्यात खिळे जुळवले, उलटी अक्षरं सुलटी वाचली. मला काय दिसतं ते मला कळतं. मध्ये एका दुधाच्या गाडीचा आरसा माझ्या गाडीला लागून फुटला, पण तो दूधवाला बेसावध होता म्हणून.

तू हसशील, पण ही गाडी बंद पडली की मीही पडलो. आमच्या फोरमनचं मी पाहिलं आहे. सायकल सुटली तेव्हा तो खुर्चीत बसला. खुर्चीतून उठला तो पलंगावर गेला.

तू तंत्रशाळेत पोरांना विजेचं शिकवतेस ना? मला एक भोंगा करून दे. गाडीला कुणी हात लावला की वाजला पाहिजे. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, हे लक्षात ठेवून लिही.

तुझा काका

०

११ जानेवारी

काका, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना शिंप्याची मशीन मलाही ऐकू आली. मधेच थांबली तीसुद्धा.

भोंगा होईल, आणि तुम्हीच कराल. एवढंच लक्षात ठेवा: तारेत वीज आहे तर एक, नाही तर शून्य. इथे ‘बहुतेक’, ‘वाटतं’, ‘असेल’ चालत नाही.

दारं, डिकी आणि बॉनेट, प्रत्येकाला एकेक बटन लावायचं. यांतलं काहीही उघडलं तरी कळलं पाहिजे. दार उघडलं किंवा डिकी उघडली किंवा बॉनेट उघडलं. घरात चार सुना असल्या आणि त्यांतल्या एकीने जरी भांडं आपटलं तरी सासूला कळतं, तसं हे ‘किंवा’. पण तुम्ही स्वतः दार उघडाल तेव्हा भोंगा वाजायला नको. म्हणून गाडीच्या बाहेर, बंपरखाली एक किल्लीचं बटन. पहारा चालू आहे आणि काहीतरी उघडलं आहे, अशा दोन्ही गोष्टी जुळल्या तरच भोंगा. एक जुळली आणि दुसरी नाही, तर गप्प. हे झालं ‘आणि’.

या दोन जोडण्यांना आम्ही गेट म्हणतो. दोन्ही एकेका चिमुकल्या चकतीत मिळतात. चित्र सोबत आहे, कुठली तार कुठल्या पायाला ते रंगाने दाखवलं आहे. शेवटी रिले लावायचा, म्हणजे नाजूक चकतीवर भोंग्याचा भार येत नाही.

एक विचारू? डॉक्टरांकडे परत गेलात का? आणि काकू काय म्हणते?

तुमची चिमणी

०

२५ जानेवारी

चिमणे,

सगळ्या जगात माझं हसं करून घेतलं, तेही तुझ्या भोंग्याने.

तू गेट म्हणतेस, मी फाटक म्हणतो. दोन्ही फाटकं बसवली. चालवणाऱ्याच्या दाराचं बटन तेवढं बसवलं, बाकीची दारं, डिकी आणि बॉनेट यांची राहिली आहेत. रविवारी दुपारी सगळी दारं नीट लावली आणि बंपरखालची किल्ली फिरवली. जो भोंगा सुरू झाला, तो थांबेचना! दारं बंद, डिकी बंद, आसपास चिटपाखरू नाही, आणि हा ठणाणा करतोय. वरचा भाडेकरू गॅलरीत आला. तिथूनही त्याने नमस्कार केला.

मी गाडीभोवती फिरतोय, किल्ली घाईत हातातून पडलेली, सापडत नाही. तेवढ्यात शिंपी गळ्यात टेप टाकून आला आणि कुणाला न विचारता त्याने खाडकन चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं. भोंगा गप्प! त्याने दार लावलं, भोंगा सुरू. उघडलं, गप्प. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “काका, जगातल्या गाड्या दार उघडलं की बोंबलतात. तुमची लावलं की बोंबलते. हिला मोकळ्या हवेची सवय दिसते!” सगळे हसले. मी नाही हसलो. मी एकच विचार केला: दार उघडलं की भोंगा थांबतो हे याला कसं कळलं? चित्र तर फक्त तुझ्याकडे आणि माझ्याकडे आहे. घरात आल्यावर मी ते गादीखाली ठेवलं.

काकूला मात्र सगळं समजावून सांगितलं. ती कधी नव्हे ते लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, “बॉनेटलाही लावणार का?” बघ, बाकीच्यांना दारांचीच काळजी, हिने बरोबर वर्मावर बोट ठेवलं.

भोंगा असा उलटा का वागतो ते सांग. डॉक्टरचं नाव काढू नकोस.

तुझा काका

०

२ फेब्रुवारी

काका, नमस्कार.

शिंप्याने चित्र पाहिलेलं नाही. वैतागलेला माणूस हाताला लागेल ते उघडतो, तेवढंच.

चूक साधी आहे. तुम्ही आणलेली बटनं दाबली की चालू होतात. दार बंद असताना ते बटन दाबलेलं असतं, म्हणून तार सांगते ‘एक’, आणि बिचाऱ्या भोंग्याला वाटतं दार उघडलं. तुम्ही इतकी वर्षं उलट्या खिळ्यांवरून सुलटं वाचलंत, भोंग्याला ती विद्या येत नाही. म्हणून दाराच्या आणि डिकीच्या तारेवर ‘नाही’ नावाचं तिसरं गेट लावा. ते एकाचं शून्य करतं आणि शून्याचं एक.

बॉनेटचं मी बदललं आहे, नवं चित्र बघा. आता बॉनेटची तार ‘किंवा’त घालू नका, सरळ शेवटच्या ‘आणि’ला जोडा, आणि तिला ‘नाही’ लावू नका. म्हणजे बॉनेट बंद असेल तोवरच भोंगा वाजेल, उघडलं की गप्प बसेल. कारण असं: उद्या भोंगा बिघडून वाजत सुटला तर तुम्ही बॉनेट उघडून बॅटरीची तार काढणार. तेव्हा कानठळ्या बसायला नकोत.

काकूचा परवा फोन आला होता, सहजच. मोतीबिंदूचं ऑपरेशन हल्ली फार सोपं झालं आहे, काका. मी सुट्टी काढून येते, बरोबर जाऊ.

तुमची चिमणी

०

१४ फेब्रुवारी

चिमणे,

भोंगा आता शहाण्यासारखा वागतो. दार उघडलं की वाजतो, डिकी उघडली की वाजतो, बॉनेट उघडलं की तू म्हटल्याप्रमाणे गप्प. किल्ली मी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आहे, आंघोळीलासुद्धा काढत नाही. काकू म्हणाली, “गळ्यात इतकं जपून तुम्ही आजवर काहीच बांधलं नव्हतं.”

मंगळवारी तिला तिच्या बहिणीकडे घेऊन निघालो. चौकात एक भाजीवाली हातगाडी घेऊन एकदम समोर उगवली. मी ब्रेक दाबला. हातगाडीला नुसता धक्का लागला, कोबीचे गड्डे रस्त्यावर घरंगळले. बाई ओरडली, “आजोबा, दिसत नाही का?” मी म्हटलं, “हॉर्न दिला होता, ऐकू येत नाही का?” काकू उतरली, गड्डे गोळा करून दिले, आणि परत गाडीत बसलीच नाही. चालत घरी गेली. मी शेजारून हळूहळू गाडी चालवत “बस ना, बस ना” करतोय आणि ती पुढे बघून चालतेय. लोकांना वाटलं असेल, म्हातारा कुणा बाईच्या मागे लागलाय.

आता खरी बातमी. दुसऱ्या दिवशी सकाळी वायर परत गायब! आणि भोंगा वाजलाच नाही. माझी झोप मांजराची, वाजला असता तर कळलं असतं. किल्ली गळ्यात, पहारा चालू, दारं बंद, सगळं जिथल्या तिथे.

गॅरेजवाल्याकडे गेलो तर मला बघूनच हसून म्हणाला, “काका, वायर का? तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलीय.” बाजूला काढून ठेवतो! मी तिथून तसाच परत आलो. आता तोंडातोंडी काही नाही, पुराव्यानिशी धरायचा.

तुझं सर्किट नीट आहे ना? परत तपासून कळव.

तुझा काका

०

१९ फेब्रुवारी

काका, नमस्कार.

सर्किट काढलं तसंच चालतं आहे. मला वाटतं, ऑपरेशन होईपर्यंत गाडी आहे तशी उभी राहू द्यावी. नवी वायर आणू नका. बाजारात जायचं तर वरच्या भाडेकरूला सांगा, तो आणून देईल. चांगला माणूस आहे.

गडबडीत आहे, परीक्षा चालू आहेत.

तुमची चिमणी

०

२४ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. सर्किट ‘बरोबर आहे’ असं तू लिहिलं नाहीस. ‘काढलं तसंच चालतं आहे’ असं लिहिलंस. आणि भाडेकरू चांगला माणूस आहे हे तुला तिथे बसून कुणी सांगितलं?

मग मी जेवणाचं टेबल मोकळं केलं आणि तक्ता मांडला, तू पोरांकडून करून घेतेस तसा. पहिल्या घरात पहारा, दुसऱ्यात दार, तिसऱ्यात बॉनेट, चौथ्यात भोंगा. एक आणि शून्य यांचे जेवढे जोड होतील तेवढे. आठ ओळी झाल्या. आधी तुझ्या जानेवारीच्या चित्रावरून भरला, तर तीन ओळींत भोंगा वाजत होता. दार उघडलं तर, बॉनेट उघडलं तर, दोन्ही उघडली तर. मग फेब्रुवारीच्या चित्रावरून भरला. एका ओळीत वाजतो. एकाच!

चिमणे, छापखान्यात मजकुरातल्या दोन ओळी गळल्या तर मालक मला उभं करून विचारायचा. आज मी तुला विचारतो. त्या दोन ओळी कुठे गेल्या?

दोन्ही ओळी बॉनेटच्या आहेत. वायर बॉनेटखाली आहे. चोर बॉनेटच उघडतो, आणि त्याने ते उघडलं की तुझा भोंगा तोंडावर बोट ठेवून बसतो. वर मला सांगतेस, कानठळ्या बसायला नकोत! मी शिंप्यावर डोळा ठेवून बसलो, आणि फट तू ठेवलीस. तुला हाताला धरून शाळेत सोडलं ते मी. तू कुणाला सामील आहेस? गॅरेजवाला तुला ओळखतो का? की माझी गाडी कुणाच्या घशात घालायची आहे?

सरळ उत्तर दे. इथे ‘बहुतेक’ चालत नाही, हे तूच शिकवलंस.

काका

०

१ मार्च

काका,

त्या दोन ओळी मी काढल्या. मुद्दाम काढल्या.

वायर काकू काढते. पहिल्यापासून तीच. तुम्ही बॉनेटलाही बटन लावणार हे कळलं तेव्हा तिने मला फोन केला. तोवर मला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, “दूधवाला बेसावध नव्हता. तो रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून दूध मोजत होता. हात मध्ये असता तर आरशाऐवजी हात गेला असता. ह्यांना गाडी दिसलीच नाही. मी ह्यांना थांबवू शकत नाही, गाडीला थांबवते. तुझा तो भोंगा माझ्यावर वाजू देऊ नकोस.”

मी काय करायला हवं होतं? तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही वायर खिशात घेऊन झोपला असतात. मग भाजीवालीचं कळलं. त्या दिवशी गाडीत वायर होती, कारण तुम्ही भोंगा तपासत सारखे गाडीपाशीच होतात, काकूला जवळ जाता आलं नाही. तुमच्या पत्रातले ते कोबीचे गड्डे वाचून मी बराच वेळ उठले नाही.

तुम्हाला फसवलं याचं वाईट वाटतं. फट ठेवली याचं वाटत नाही.

सोबत दुरुस्त चित्र आहे. त्यात बॉनेटची तार परत ‘किंवा’त आहे, ‘नाही’ लावून. भोंगा तीन ओळींत वाजेल, तक्ता करून बघा. हे बसवलंत तर काकूला बॉनेटला हात लावता येणार नाही, आणि गाडी पूर्णपणे तुमच्या हातात येईल. बसवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

चिमणी

०

१२ मार्च

चिमणे,

तुझं पत्र खिशात घालून स्वयंपाकघरात गेलो. काकू भांडी पुसत होती.

मी म्हटलं, “वायर कुठे आहे?”

“कुठली?” तिने मागे वळूनही बघितलं नाही. “तीन आहेत.”

“मला सांगायचं होतंस!”

“सांगितलं. डॉक्टरांसमोर सांगितलं, घरी येऊन सांगितलं, दूधवाल्याच्या वेळी सांगितलं. तुम्ही म्हणालात, मला काय दिसतं ते मला कळतं. मग म्हटलं, माणूस ऐकत नाही तर गाडीला सांगून बघावं. पहिल्यांदा नुसती उपटून ठेवली. वाटलं, तेवढ्यात भागेल.”

मी खुर्चीवर बसलो. ती फडकं खांद्यावर टाकून समोर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की राग, ते मला एवढ्या अंतरावरून नीट दिसलं नाही. हे मी फक्त तुला लिहितोय.

म्हणाली, “गॅरेजवाल्यावर संशय घेतलात. शिंप्यावर घेतलात. तो बिचारा भाडेकरू नमस्कार करतो म्हणून त्याच्यावरही घेतलात. माझ्यावर एकदाही नाही?”

“तुझ्यावर कसा घेणार?”

“विश्वास होता म्हणून नाही हं. हिला बॉनेट उघडता येणार नाही, असं वाटलं तुम्हाला!”

खरं सांगतो चिमणे, तसंच वाटलं होतं.

त्यानंतर मी तिच्याशी बोललो नाही. तीही बोलली नाही, पण चहा वेळेवर देत होती, आणि त्याचा मला जास्त राग येत होता. चौथ्या की पाचव्या दिवशी तिने एवढंच म्हटलं, “त्या दिवशी तुम्ही हॉर्न दिला नव्हतात.” मी भांडायला तोंड उघडलं आणि आठवायला लागलो. बटनावर ठेवलेला अंगठा आठवेना. दिला असेल, असं वाटत होतं. नुसतं वाटत होतं.

मग मी तुझं दुरुस्त चित्र घेऊन टेबलापाशी बसलो. तक्ता मांडला, मोठ्या अक्षरात. भोंगा तीन ओळींत वाजतो, बरोबर. तपासून उठणार, तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, मी डावा डोळा हाताने झाकला आणि नुसत्या उजव्याने बघितलं. एक आणि शून्य सारखेच दिसले. सगळीकडे राखाडी धूर. मग उजवा झाकला. डाव्याने एक ओळखू आला, पण तो कुठल्या ओळीतला ते कळेना. दोन्ही डोळ्यांनी मी जे वाचत होतो, त्यातलं अर्धं मी स्वतःच लिहिलेलं असल्यामुळे वाचत होतो. रस्ता काही माझ्या हाताने लिहिलेला नाही.

काकूला हाक मारली. म्हटलं, “डॉक्टरचा दिवस ठरव.” तिने ठरवलेलाच होता, पुढच्या बुधवारचा. मला न विचारता! या घरात माझ्यामागे आणखी काय काय चालतं ते बघायला हवं. तू सुट्टी काढून येणार होतीस, ती काढ. बुबुळात सुई घालतात म्हणे. तुझी काकू म्हणते, कळतसुद्धा नाही. तिला कसं माहीत? तिचं कुठे झालंय?

वायरी तिच्याजवळच राहू देत. डॉक्टरने हो म्हटलं की ती देणार म्हणते. तोवर मी बाजारात चालत जातो, आणि फोरमनची खुर्ची आठवली की जरा लांबच्या रस्त्याने जातो.

तुझं दुरुस्त चित्र परत पाठवतोय. त्यात चूक नाही, खिळा न् खिळा जागेवर आहे. पण ते बसवलं आणि उद्या तिला बॉनेट उघडावं लागलं तर सगळी गल्ली गोळा होईल, आणि शिंपी परत टेप टाकून येईल. ऑपरेशन झाल्यावर चार दिवसांत मी गाडीकडे जाणार नाही, याची खात्री मला देता येत नाही. डॉक्टरने नाही म्हटलं तरी मी गुपचूप चौथी वायर आणीन, मी मला ओळखतो. जगावर संशय घेऊन झाला, एक मीच राहिलो होतो.

त्या दोन ओळी गळलेल्याच राहू देत.

तुझा काका